नुसता रूम टोन

पंखा होता. शेजारच्या गंगुबाईंच्या कुकरची शिट्टी होती, भोईवाडा कोर्टासमोर मागे येणाऱ्या कुठल्यातरी गाडीचं टुंग टुंग होतं, बशीवर कप ठेवल्याचा आवाज होता. आणि वैशालीचा स्वतःचा आवाज होता, हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर घासून घासून लख्ख झालेला: "अण्णा, लेव्हल बघायचीय. तुमचं नाव सांगा." त्यानंतर पंखा. "पूर्ण नाव सांगा की." पंखा. "आणि गाव?" पंखा, आणि त्यावर तिचं हसणं, चांगलं पोटातून आलेलं. कारण अण्णा म्हणाले होते की गाव तिकडं आणि मी इकडं, आता गावात माझ्या नावाचा एक आंबा तेवढा उरलाय, तोही चुलतभावाच्या अंगणात फळं टाकतो. म्हणाले होते ते. तो आंबा, ते अंगण, तो लबाड चुलतभाऊ, सगळं तिला जसंच्या तसं आठवत होतं. हेडफोनमध्ये मात्र एक बाई रिकाम्या खोलीत बसून प्रश्न विचारत होती, थांबत होती, हं हं करत होती, आणि कोणीच न केलेल्या विनोदावर हसत होती.

"ताई, माइक उलटा धरला असशील," श्रेया म्हणाली. श्रेया ही तिची कॉलेजच्या प्रोजेक्टमधली जोडीदार, लालबागची, तिच्या निम्म्या वयाची, आणि वैशालीला पहिल्या दिवशी मॅडम समजून उभी राहिलेली. ती चूक कळल्यापासून ती ताईवर आली होती आणि तिथून तूवर यायला तिला आठवडाही लागला नव्हता. "उलटा धरला असता तर कुकर कसा आला असता?" वैशाली म्हणाली. "मग आजोबाच म्यूटवर होते," श्रेया म्हणाली आणि हसली. स्क्रीनवर आवाजाची हिरवी रेघ पसरली होती. वैशाली बोलली तिथे रेघेला काटे फुटले होते, बाकी सगळीकडे ती झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी जराशी वरखाली होत होती. श्रेयाने बोटाने एक एकटाच उंच काटा दाखवला, "हे बघ, इथे काहीतरी आहे." त्यांनी ऐकलं. खोकला होता. म्हाताऱ्या माणसाचा, साधा, घसा मोकळा करणारा. वैशालीने तो पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा श्रेयाने तिच्याकडे वळून बघितलं, कारण कोणी खोकला असा जीव लावून ऐकत नाही.

सौमित्र सर आले. साउंड शिकवणारा हा तरुण माणूस नेहमी मोजे काढून, अनवाणी स्टुडिओत फिरायचा. त्यांनी उभ्या उभ्या एक हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, "हा तर नुसता रूम टोन आहे." हे त्यांनीच शिकवलं होतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, म्हणून रेकॉर्डिंग झालं की उठायचं नाही, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता घ्यायची. नंतर कापाकापी करताना दोन वाक्यांमधलं भोक त्या शांततेने बुजवायचं, नाहीतर ऐकणाऱ्याला तिथे कोणी मेल्यासारखं वाटतं. "फार स्वच्छ घेतलाय, वैशालीताई," सर म्हणाले. "पण वडील कुठे आहेत?"

वडील समोर होते. गुडघे पोटाशी घेऊन कॉटवर बसले होते, धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. रेकॉर्डर मध्ये स्टुलावर होता. ते बोलत होते आणि ती ऐकत होती. निदान आतापर्यंत ती त्याला ऐकणं म्हणत होती.

बसमध्ये बसल्यावर, गिरगावातून परळकडे येताना, तिने ते पहिल्यांदा सरळ मनात म्हणून बघितलं: मी अण्णांचा आवाज कधी ऐकलेला नाही. म्हटल्यावर ते खोटं वाटलं. अण्णा तर अतिशय बडबडे होते. जेवताना, भाजी निवडताना, पेपर वाचताना त्यांचे ओठ चालूच असायचे, आणि त्यांचं बोलणं होतं तिखट, खोडकर, कोणाची नक्कल केली तर भुवयांसकट केलेली. पण ते सगळं ओठांवर. गिरणीत मागांच्या खडखडाटात माणसं ओठांनी बोलायची, हे गिरणगावात कोणाला नवीन नाही. कितीजण घरी येऊनही तसे बोलायचे, कितीजण उलट ओरडून बोलायचे, आणि चाळीत दोन्हींची सवय असायची. पण बाकीच्यांचा आवाज गिरण्या बंद झाल्यावर हळूहळू घरी परतला. अण्णांचा परतला नाही, आणि कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण घरात कमळाबाई, वैशालीची आई, होती. अण्णा ओठ हलवायचे, "मीठ कमी आहे," आणि आई मोठ्याने म्हणायची, "मीठ कमी आहे," आणि स्वतःच बरणी पुढे करायची. पाहुणे आले की अण्णांनी विचारलेलं आईच विचारायची, अण्णांनी सांगितलेली गोष्ट आईच सांगायची, 'मी' म्हणून सांगायची, मी असा साहेबाला म्हणालो, आणि पाहुणे आईकडे बघून हसायचे. हाक मारायची तर अण्णा दाराच्या कडीवर बोट वाजवत. फोन त्यांनी कधी उचलला नाही. बुद्धवंदनेला ते सगळ्यांच्या मध्ये उभे राहत आणि त्यांचे ओठ सगळ्यांबरोबर हलत, आणि पन्नास माणसांच्या आवाजात कोणाचा आवाज नाही हे कोण बघतो? वैशालीच्या लहानपणी एकदा आईने त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेऊन घसा दाखवला होता. डॉक्टरांनी आत बॅटरी मारली आणि म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मीठ कमी आहे असं वैशाली म्हणत होती. कधी म्हणायला लागली ते तिला आठवेना.

आणि हे सगळं कोणाच्या घरात, तर बोलण्यावरच पोट भरलेल्या बाईच्या. वीस वर्षं ती परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेटर होती. नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते. मग एक दिवस मॅनेजमेंटने तिला काचेच्या खोलीत बसवून दोन तास तिचा आवाज रेकॉर्ड केला, मराठीसाठी एक दाबा, कृपया प्रतीक्षा करा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पुढच्या महिन्यात बोर्ड काढून टाकला, बोर्डासकट तिला. आजही तो नंबर फिरवला तर वैशालीच उचलते. पहिल्या वर्षी ती मधूनमधून फिरवायची, बरी आहे ना बघायला. मग मैत्रिणींनी म्हटलं, तुझं बी.ए. आहे, पुढे शीक. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने कम्युनिकेशन अँड मास मीडियाच्या एम.ए.ला नाव घातलं. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचे ओठ म्हणाले, "म्हणजे काय शिकवतात?" ती म्हणाली, "एकाचं दुसऱ्यापर्यंत कसं पोचतं ते." अण्णा खूप वेळ बिनआवाजाचं हसले.

हिंदमाताच्या सिग्नलला बस थांबली आणि तेव्हा तिला खरी भीती वाटली. कारण रेकॉर्डिंगचा दुसरा अर्धा भाग तिने श्रेयाला मध्येच बंद करायला लावला होता. पहिल्या अर्ध्या भागात अण्णा नव्हते. दुसऱ्या अर्ध्यात तीही नव्हती. पंखा होता, कुकर निवला होता, खाली क्रिकेट खेळणारी पोरं आउटवरून भांडत होती, आणि स्क्रीनवरची रेघ शेवटपर्यंत सपाट. तिने तर विचारलं होतं. मग पुढे काय झालं, मग तुम्ही काय केलंत, तुम्हाला भीती नाही वाटली का, आणि अण्णांनी उत्तरं दिली होती. ती दोघं तासभर बोलली होती. मायलेकींसारखी, डोक्याला डोकं लावून. म्हणजे कुठेतरी मध्येच, न कळत, तिचाही आवाज गेला होता आणि ओठ चालू राहिले होते.

मग ती मोजायला लागली, म्हणजे आठवायला लागली, पण ते मोजण्यासारखंच होतं. पहिल्या सत्रात सर फळ्यावर चौकट काढत होते, चौकटीतून बाण, बाणाच्या टोकाला दुसरी चौकट, पाठवणारा आणि घेणारा, आणि बाणावर नागमोडी रेघ, तो नॉइज. नॉइज वाढला की संदेश पोचत नाही, सर म्हणाले होते. वैशालीने हात वर न करता म्हटलं होतं, "सर, आमच्याकडे आवाज वाढला की माणसं आवाज टाकून देतात, मग पोचतं." वर्गात कोणी वळून बघितलं नव्हतं. सर पुढच्या मुद्द्यावर गेले होते. तिला वाटलं होतं, म्हातारीकडे कोण लक्ष देतो. आता वाटलं, म्हटलं होतं का मी? दादरच्या भाजीवाल्याला ती मेथी मागते आणि तो बाजूच्या बाईला आधी देतो, ते का? हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी ती मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहून पुष्कळ काही बोलली होती, घरी येताना छाती मोकळी झाल्यासारखी वाटली होती, आणि मॅनेजर सबंध वेळ चांगुलपणाने बघत राहून शेवटी म्हणाला होता, "काही बोलायचंय का?" तेव्हा तिला तो निर्लज्ज वाटला होता. आणि अमित. तीन वर्षांच्या संसारानंतर अमित बॅग घेऊन दारात उभा होता, आखातातली नोकरी, सहा महिन्यांत येतो म्हणत होता, आणि दोघांनाही माहीत होतं की येणार नाही. तिने म्हटलं होतं, "जाऊ नको." दोनदा म्हटलं होतं. त्या दोन शब्दांवर ती इतकी वर्षं उभी होती, मी माझ्याकडून म्हटलं होतं, तरी गेला. मागे एकदा मस्कतहून त्याचा फोन आला होता, दुसरं लग्न ठरल्याचं सांगायला, आणि जाता जाता तो म्हणाला होता, "तू तेव्हा एक शब्दही बोलली नाहीस, वैशाली." तिने मनात म्हटलं होतं, खोटारडा.

बस चालू झाली. बाजूच्या सीटवरची बाई तिच्याकडे बघत होती. आपण आता बोलत होतो की गप्प होतो, हे वैशालीला सांगता आलं नसतं.

जे अण्णांनी सांगितलं आणि जे मशीनमध्ये आलं नाही, ते तिच्या एकटीकडे होतं, आणि म्हणून ती ते घरापर्यंत पुन्हा पुन्हा चाचपत आली. अण्णा आधी रिंग खात्यात होते, सुताकडे. आपल्या माणसांना साळखात्यात, मागांवर घेत नसत. कारण मागावर धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी धोट्याला एक भोक असतं, त्यातून धागा बाहेर काढायचा तर तोंड लावून ओढावा लागतो, आणि तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला. बाबासाहेबांनी त्यावर आवाज उठवला त्याला तोवर कितीतरी वर्षं झाली होती, कायदे झाले होते, पण त्या खात्याच्या दारातून आत जायला कायद्याला अजून सवड मिळाली नव्हती. शेजारच्या चाळीतला लवू मात्र मागांवर होता. कुडाळचा, मालवणी बोलणारा, कॅरमला अण्णांचा पार्टनर. लवूला रक्ताच्या गुळण्या सुरू झाल्या. गावाला जाऊन पडायला हवं होतं, आणि गेला तर माग दुसऱ्याला जाणार. तेव्हा लवूनेच डोकं चालवलं. दोघंही काडीसारखे, दोघांना मिशी, पाळी बदलून घेतली की लवूला चेहऱ्याने ओळखणारं कोणी नाही, आणि जॉबरला, खात्याच्या मुकादमाला, सांभाळून घेता येण्यासारखं होतं. माझ्या नावावर तू जा. काम त्याने अण्णांना आधीच चोरून शिकवलं होतं. एकच भीती होती. "तू साताऱ्यासारख्या बोलतस," लवू म्हणाला होता. "तोंड तेवढा उघडू नको. बाकीचा देव बघता." आतमध्ये सोपं होतं, आत सगळेच ओठांनी बोलत. "ओठांवरून कोणाची जात कळत नाही गं," अण्णांचे ओठ म्हणाले होते, "ती आवाजात असते." बाहेर चहाला, संडासाला, दारावर, अण्णा मुके राहिले. दीड वर्ष. लवूच्या नावाला मान वर करायची, लवूच्या धोट्याला तोंड लावायचं. आणि मग एका दुपारी कोणीतरी कुडाळहून आला आणि खात्याच्या दारात उभ्या असलेल्याला काहीतरी सांगून गेला. अण्णांनी ते लांबून येताना बघितलं. पहिल्या मागावरच्या माणसाचे ओठ हलले, मग त्याच्या शेजारच्याचे, मग पुढच्याचे, एकेक मान वळत, रांगेमागून रांग, त्या सगळ्या खडखडाटात बिनआवाजाचे दोन शब्द चालत येत होते. लवू गेला. लवू गेला. पळून जाण्याइतका वेळ होता, अण्णा म्हणाले, पण पाय निघेना, कारण ते आपल्याकडेच येतंय हे कळत होतं. शेवटी शेजारच्या मागावरचा वळला आणि सवयीने सांगून बसला, "लवू गेला." आणि मग आपण हे कोणाला सांगतोय ते त्याच्या डोळ्यांत आलं.

इथे अण्णा थांबले होते. तिने विचारलं होतं, मग तुम्ही काय म्हणालात? त्यांनी हाताने ते उडवून लावलं होतं आणि चहा मागितला होता.

घरी आली तेव्हा ते खिडकीशी बसून समोरच्या टॉवरचं बांधकाम बघत होते. तिने बाकी काही न विचारता म्हटलं, आणि म्हणताना गळ्यावर हात ठेवून आवाज निघतोय ना ते बघितलं, "अण्णा, त्या मशीनमध्ये तुमचं काहीच आलं नाही. मोठ्याने बोलावं लागेल."

"कशाला?" अण्णांचे ओठ म्हणाले. "तुला पोचलं ना?"

"मला पोचलं. बाकीच्यांना नाही."

"बाकीच्यांचं काय अडलंय?"

"माझं अडलंय," ती म्हणाली. "शनिवारी बाहेरचे परीक्षक येतायत. ते जाऊ दे. नापास होईन, पुढच्या वर्षी बसेन, ते नाही." ती त्यांच्यासमोर खाली बसली. "तुमचा आवाज कसा आहे मला माहीत नाही, अण्णा. उद्या मला कोणी विचारलं, तर मी काय सांगू? खोकल्यासारखा होता म्हणून?"

अण्णांनी खिडकी लोटून घेतली. मग ओठ हलले, नेहमीपेक्षा सावकाश. "लवू गेला त्या दिवसापासून मी बोललो नाही. आधी वाटलं, दोन दिवस जाऊ देत. मग आवाज काढायचा म्हणजे कोणाचा काढायचा, ते ठरेना. तुझी आई आली, तिने विचारलंच नाही. बरं चाललं होतं." मग ते उठले आणि कपाटातून ठेवणीतला पांढरा सदरा काढून त्यांनी तो तिच्यासमोर इस्त्रीला टाकला.

शुक्रवारी तिने त्यांना टॅक्सीने गिरगावात आणलं. स्टुडिओ बघून अण्णा खूश झाले. भिंतींना लावलेला फोम त्यांनी बोटाने दाबून बघितला, जाड दार स्वतः दोनदा उघडून मिटून बघितलं. दार मिटल्यावर आत जी शांतता येते तिने पहिल्यांदा सगळ्यांचेच कान बधिरतात. अण्णांनी डोळे मिचकावले आणि त्यांचे ओठ म्हणाले, "हे साळखात्यासारखंच आहे. काही म्हणजे काही ऐकू येत नाही." सौमित्र सरांनी त्यांना माइकसमोर बसवलं, कानांना हेडफोन लावून दिले आणि बाहेर येऊन वैशालीला मिक्सर दाखवला. काचेच्या अलीकडे ती आणि श्रेया, पलीकडे अण्णा. "हे लाल बटण म्हणजे टॉकबॅक. दाबून बोललात की आत त्यांना ऐकू जातं. मशीन जुनं आहे, तुमचं बोलणंही रेकॉर्ड होतं, तेव्हा प्रश्न विचारायचा आणि सोडायचं." मग त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं आणि ते अनवाणीच गेले. श्रेयाने हेडफोन चढवले. दुसरा जोड वैशालीसमोर पडला होता. तिने तो हातात घेतला आणि परत खाली ठेवला. आपल्याला काचेतून दिसतंय तेवढं पुरे, आधी रेघ हलू दे, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला दुसरीच भीती होती. आतून एखादा परका माणूस बोलला तर?

तिने लाल बटण दाबलं. "अण्णा, लेव्हल बघायचीय. तुमचं नाव सांगा."

अण्णा जरासे पुढे झाले. ओठ हलले, आणि स्क्रीनवर हिरवे काटे वर चढले. रामजी, ओठ म्हणाले, रामजी संभाजी, मुक्काम भोईवाडा. काटे वरखाली होत होते. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं सोपं होतं तर. ती काचेला जवळजवळ नाक लावून बसली. गाव, आंबा, चुलतभाऊ. रिंग खातं. कॅरम. लवूच्या गुळण्या. अण्णा सांगत होते आणि रेघ उसळत होती, आणि तिला वाटलं, हा सगळा ऐवज आता माझ्या एकटीच्या अंगावर राहणार नाही. काचेत अण्णांच्या चेहऱ्यावर तिचा स्वतःचा चेहरा पडला होता, कपाळावर कपाळ, तोंडावर तोंड. धोटा आला, धोट्याचं भोक आलं. मग ती दुपार, खात्याचं दार, पहिली मान, दुसरी मान, रांगेमागून रांग. लवू गेला. लवू गेला. शेजारचा वळला, त्याच्या डोळ्यांत ते आलं. इथे ते थांबतील, वैशालीला माहीत होतं. पण ते थांबले नाहीत. मी मान हलवली, ओठ म्हणत होते. म्हटलं, हो, गेलो. आणि धोटा तोंडाला लावला आणि पुढचा धागा ओढला. त्याला लवूच्या तंबाखूचा वास होता. पाळी सुटेपर्यंत मेलेल्या माणसाने कापड विणलं, आणि त्यात एक गाठ निघाली नाही.

तिच्या हातावर हात पडला. श्रेयाचा. श्रेयाने एका कानावरचा हेडफोन मागे सारला होता आणि तिचा चेहरा उतरला होता. "ताई," ती हळू म्हणाली, "बटण."

वैशालीने खाली बघितलं. तिचं बोट लाल बटणावर होतं, दाबून दाबून नखाखालचं रक्त निघून गेलं होतं.

"पहिल्यापासून तूच बोलतेयस," श्रेया म्हणाली. "मला वाटलं तुमचं असंच ठरलंय. तू डब करतेयस. मस्त करत होतीस, मी म्हणून काही बोलले नाही."

"अण्णा बोलत होते. मी नुसती…"

"आजोबा नाव सांगेपर्यंत ओठ हलवत होते. मग थांबले." श्रेयाने काचेकडे बघितलं. "ते कधीपासून ऐकतायत, ताई."

वैशालीने बोट उचललं. काचेपलीकडे अण्णा हेडफोनवर दोन्ही हात दाबून बसले होते. ओठ मिटलेले. खूप वेळ मिटलेले असावेत तसे, कोरडे, एकमेकांना चिकटलेले. त्यांची नजर तिच्यावर होती आणि त्या नजरेत तिने आयुष्यात कधी न बघितलेलं काहीतरी होतं. शेजारच्या मागावरच्या माणसाने असंच बघितलं असेल. मग ते माइककडे झुकले. घसा मोकळा केला. तो काटा तिला ओळखीचा होता, एकटा, उंच. त्याच्यामागून आणखी काटे आले, बुटके, चाचपडत. वैशालीचं बोट बटणापासून लांब होतं. तिने हेडफोन उचलून कानाला लावले.

म्हाताऱ्याचा आवाज नव्हता तो. पंचविशीतल्या पोराचा होता. वापरलाच नव्हता ना कधी. इतकी वर्षं पेटीत तळाशी ठेवलेल्या कापडासारखा, करकरीत, घड्यांच्या जागी थोडा चरचरणारा. त्यात सातारा होता, आणि कडेकडेने, जपून शिकून घेतलेलं कुडाळ होतं.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं, वैशू," तो आवाज म्हणाला. "कुणालाच नाय. कमळीलासुद्धा."

 रेघ सपाट झाली आणि सपाट राहिली, आणि ती त्या खोलीची स्वतःची शांतता होती. मग श्रेयाने नाक ओढलं, माउस हलवला, आणि ती रोज जशी बोलते तशीच बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "लेव्हल एकदम बरोबर आहे. ताई, पहिल्यापासून घेऊ? आजोबांना नाव सांगायला सांग ना."

वैशालीने बटणाला हात लावला नाही. दोन्ही हात तिने मांडीखाली घेतले, लहानपणी शाळेत घ्यायची तसे, आणि ओठ घट्ट मिटले. आत अण्णा वाट बघत होते. त्यांनी कडीवर वाजवतात तसं टेबलावर बोट वाजवलं, एकदा, मग पुन्हा. ती तशीच बसून राहिली. त्यांचे ओठ उघडायला लागलेले दिसले, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.